एक मोडायला, एक ठेवायला

कुठलीही नवी वस्तू समोर आली की हातकामाचे मास्तर आधी तिच्यावर तळहात दाबत, मग दोन्ही हात दाबत, आणि वस्तू बसण्यासारखी असो वा नसो, शेवटी तिच्यावर बसत. बसून झालं की उठत, वाकून खालून बघत आणि म्हणत, "धरते." त्यांची पसंती एवढीच. "छान", "सुरेख" हे शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकले नाहीत.

वस्तू ठोकून घेणारी माणसं तुमच्याही ओळखीत असतील. पण ती मडकं ठोकतात, नारळ हलवतात. हे गृहस्थ आमच्या हेडमास्तरांच्या नव्या खुर्चीवर, हेडमास्तर स्वतः बसण्याआधी, बसले होते. उठल्यावर सगळ्या शिक्षकांसमोर म्हणाले, "मागचा उजवा पाय दिवाळीपर्यंत ढिला होईल," आणि वर्गावर निघून गेले. पाय दिवाळीच्या आधीच ढिला झाला. हेडमास्तर ते कधी विसरले नाहीत.

आम्ही एकाच शाळेत होतो. मी गणित शिकवी, ते हातकाम. शाळा सोलापुरात, गिरणीच्या अंगाला. मुलं बहुतेक विणकरांची; घरी तेलुगू आणि शाळेत मराठी बोलणारी. दोन्ही भाषांत ती भांडत, हिशेब मात्र तेलुगूत करत, हे मला त्यांच्या ओठांवरून कळे. मुलं त्यांना 'हातकामाचे मास्तर' म्हणत आणि मला 'गणिताचे मास्तर'. त्यांचं घर आमच्या मागच्या गल्लीत होतं. बायको लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेली होती, मूलबाळ नव्हतं. सणावाराला ते आमच्याकडे जेवत.

माझ्या धाकट्या मुलीच्या बारशाला ते आले तेव्हाची गोष्ट. पाळणा आढ्याच्या कडीला टांगला होता, फुलांच्या माळा सोडल्या होत्या, बायका जमल्या होत्या. रीतीप्रमाणे कपड्यात गुंडाळलेला वरवंटा आधी पाळण्यात घातला. ते दारातून बघत होते. पुढे आले आणि माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, वरवंटा शास्त्रापुरता झाला. कडीसाठी पाटा घाला."

"अहो मास्तर, पोरगी निजायची आहे त्यात, चटणी नाही वाटायची!"

"पोरगी वाढेल. कडी तीच राहील."

बायका हसायला लागल्या. त्यांनी खरोखरच स्वयंपाकघरातून पाटा आणवला, पाळण्यात ठेवला, झोके दिले, वर आढ्याकडे बघत राहिले. "धरते," म्हणाले. मग त्यांची नजर पाळण्याच्या फळीवर गेली आणि त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं, तेव्हा माझी बायको मुलीला घेऊन पाळण्याच्या आड उभी राहिली. "हे बघा," ती म्हणाली, "तुम्ही आता पंक्तीला बसा."

त्यांच्या तासाबद्दल सांगायला हवं, कारण तसा तास मी पुन्हा कुठे पाहिला नाही. इतर शाळांत हातकाम म्हणजे मातीची फळं आणि कागदाच्या होड्या. हे वर्गात आले की फळ्यावर काही लिहीत नसत. खडूही घेत नसत. विचारत, "कुणाचं काय अडतं?"

मुलं सांगत. शाळेच्या शिपायाचा हात घंटेला पुरत नाही. आजीला जात्यावर बसवत नाही. फाटकाबाहेर भाजी विकणारी म्हातारी दुपारी उन्हात बसते. त्यातलं एक काम निवडायचं. मग पोरं पाटी घेऊन त्या माणसाकडे जात आणि विचारून येत. म्हातारीला विचारलं, छप्पर केलं तर संध्याकाळी घरी कोण नेणार? दुपारी ऊन कुठून येतं? उभं राहून विकता की बसून? गिऱ्हाइकाचं डोकं आपटेल का?

म्हातारी मला म्हणाली, "लई बारीक इचारत्यात हो पोरं. माझ्या सुनंनं बी इतकं कधी इचारलं न्हाई."

मग पाटीवर चित्र. चित्रावरून ज्वारीच्या धाटांचं लहान छप्पर. आमच्याकडे पोरं धाटांच्या बैलगाड्या करतातच. चिपाडं सोलायची, आतला भेंड कापायचा, बाभळीच्या काट्यांनी जोडायचं. यांनी त्याच खेळाचं शिक्षण केलं. फक्त एक नियम होता. प्रत्येक गोष्ट दोनदा करायची. "एक मोडायला, एक ठेवायला."

मोडायचं ते सगळ्यांसमोर मोडायचं. माझ्या कपाटातली वजनं ते मागून नेत, छटाकापासून शेरापर्यंत, आणि पोरं एकेक वजन चढवत. धाटं वाकत, चरचरत, वर्ग श्वास धरून बसे, आणि कड्कन आवाज आला की सगळे ओरडत. ते मात्र हात वर करून गप्प करत आणि विचारत, "कुठं मोडलं?"

"मास्तर, ह्यानं जोरात ठेवलं वजन!"

"कुणी मोडलं ते विचारलं नाही. कुठं मोडलं?"

मग पोरं वाकून बघत. सांध्यात. काटा निसटला. मधली आडवी काडी बारीक होती. जिथं मोडलं तिथं दुसरं बळकट करायचं, आणि ते खऱ्या लाकडात उतरवायचं. तो प्रश्न त्यांच्या अंगात इतका भिनला होता की कुणी पडून रडत आलं तरी विचारत, "कुठं मोडलं?" मूल गोंधळून रडायचं थांबे आणि स्वतःचा गुडघा तपासू लागे.

आणखी एक सवय त्यांनी पोरांना लावली होती. वस्तू देऊन आलं म्हणजे काम संपलं नाही. पहिला वारा सुटला, पहिला पाऊस आला की ज्यांनी केलं त्यांनी जाऊन बघायचं. चैत्रात एकदा वावटळ उठली तेव्हा माझा त्रैराशिकाचा तास चालू होता. निम्मा वर्ग खिडकीशी धावला. मी रागावलो. एक जण म्हणाला, "मास्तर, म्हातारीचं छप्पर!" छप्पर जागेवर होतं. म्हातारी आत बसून कांदे निवडत होती.

त्याच वर्षी त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाचं काय अडतं?" आणि व्यंकटी उभा राहिला.

व्यंकटी हा अंबय्या विणकराचा मुलगा. बारा-तेराचा असेल. बारीक अंगाचा, बोटं मात्र लांब आणि चपळ. तुटलेलं सूत जोडून जोडून अशी बोटं होतात. त्याच्या गाठी कधी सुटत नसत, म्हणून धाटांचे सांधे बांधायचं काम त्याच्याकडेच असे. तो म्हणाला, "आईचं अडतं."

आई गिरणीत सुताच्या कांड्या भरायच्या कामाला होती. त्यांची गल्ली आणि गिरणीचं फाटक यांच्यामध्ये एक नाला आहे. वर्षातले बहुतेक महिने तो कोरडा असतो. गिरणीत ज्या रंगाचं सूत रंगवलं असेल त्या रंगाची एक ओघळ मधून वाहते, एवढंच. पण सोलापूरला खरा पाऊस उशिरा येतो, हस्तात. तेव्हा नाला छातीएवढा भरतो. पहिल्या भोंग्याला पोचायचं तर लांबच्या मोरीवरून वळसा घालावा लागे, नाहीतर एकमेकींचे हात धरून पाण्यातून जायचं. आदल्या वर्षी व्यंकटीच्या आईचा पाय सटकला होता. बरोबरच्या बायकांनी तिला केसाला धरून ओढून काढलं.

"पूल पायजे," व्यंकटी म्हणाला. वर्ग हसला. ते हसले नाहीत. "तुझी आई डोक्यावर काय घेऊन जाते?" त्यांनी विचारलं.

तुळया मिळाल्या त्या एका पाडलेल्या शेडच्या. चांगल्या सागवानी, पण दोनच. त्यांनी आणखी दोन मागून पाहिल्या, मिळाल्या नाहीत. धाटांचे पूल पोरांनी चार केले, दोन मोडले. मोडले ते मधल्या जोडात, म्हणून खऱ्या पुलाला खालून तिरके आधार दिले. हिशेब मला करायला सांगितला. पहिल्या भोंग्याच्या वेळी एका वेळेस किती बायका पुलावर असतील, दर माणशी दीड मण, असा मी आकडा काढला आणि सावधगिरीने दुप्पट केला.

त्यांनी कागद बघितला. "हे बायकांचं झालं. डोक्यावरचं, कडेवरचं कुठं आहे?" आणि पुन्हा दुप्पट केला.

वैशाखात पोरांनी काठ खणायला घेतला. तुळयांची टोकं काठात पुरून खाली बाभळीचे ओंडके टाकायचे होते. काळी माती उन्हाने अशी बसली होती की पहार टेकवली तर ठण्ण वाजे. पोरांच्या हातांना फोड आले. हातभर खोल गेल्यावर ती दमून बसली. "मास्तर, ह्यो दगडच हाय की!" ते खड्ड्यात उतरले, उड्या मारून बघितलं, आणि म्हणाले, "धरते."

आमच्यात कुणीही शेतकरी नव्हता. मी कारकुनाचा मुलगा, ते सुताराचे, पोरं विणकरांची. काळ्या मातीवर आमची सगळ्यांची घरं उभी होती, पण तिच्यात कुणी पिकवलं नव्हतं. एखादा कुणबी तिथून जाता आणि विचारता, तर त्याने सांगितलं असतं.

पूल झाला. त्यावर गल्लीतली सुताची गठुडी चढवली, मग पोरं, मग पोरांचे बाप. सगळ्यात शेवटी ते स्वतः मध्यावर जाऊन बसले, मांडी घालून. पूल हलला नाही. लोकांनी नारळ फोडला. व्यंकटीची आई पहिल्यांदा पलीकडे गेली आणि परत आली, उगाचच. मुलं खूष होती. परतताना ते मला म्हणाले, "न मोडता ठेवतोय. बरोबर नाही." मी म्हणालो, तुळया दोनच होत्या, काय करणार. ते म्हणाले, "हो, दोनच होत्या."

पुढे जे झालं ते थोडक्यात सांगतो. मला ते थोडक्यातच सांगता येतं.

हस्त लागला. एके दिवशी दुपारपासून पाऊस लागला तो थांबेना. शाळा सुटताना ते वर्गाच्या दारात उभे राहून म्हणाले, "पूल उद्या सकाळी कोण बघून येणार?" सगळे हात वर झाले. व्यंकटीचं घर जवळ, म्हणून त्याला सांगितलं.

तो पहिल्या भोंग्याच्या आधी गेला, आई निघण्यापूर्वी. पलीकडच्या काठावरून एक गाडीवाला बघत होता. तो म्हणाला, पोरगं पुलावर पालथं पडून खाली बघत होतं, आणि काठच निघाला. पूल मोडला नाही. माती लोण्यासारखी झाली होती, ओंडका घसरला, आणि पूल आहे तसा एका अंगाने पाण्यात गेला. व्यंकटी पुढच्या वळणावर बाभळीत सापडला.

त्या दिवशी शाळा भरली. सुट्टी द्यावी की नाही हे हेडमास्तरांना ठरवता आलं नाही. मी त्रैराशिक शिकवलं. मुलांनी उत्तरं बरोबर काढली. मला काय वाटलं हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं; त्रैराशिकच आठवतं.

पाणी ओसरल्यावर ते नाल्यावर गेले. मी बरोबर होतो. मागून पोरं आली, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. तुळया अखंड होत्या, आधार अखंड होते, व्यंकटीने बांधलेली एकही गाठ सुटली नव्हती. ते बघत राहिले. शेवटी एका मुलानेच दबक्या आवाजात म्हटलं, "काठात मोडलं, मास्तर." त्यांनी मान हलवली.

त्यानंतर ते कुठल्याच वस्तूवर बसून बघेनासे झाले. शिक्षकांच्या खोलीत त्यांची स्वतःची खुर्ची होती, तिच्यावरही आधी टेकत, मग बसत.

तेरावा झाल्यावर ते अंबय्याकडे गेले, तेव्हा मला बरोबर चला म्हणाले. अंबय्या मागावर होता. त्यांच्याकडे माग जमिनीत असतो. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, कमरेपासून वरचा माणूसच तेवढा दिसतो. अंबय्याने आम्हाला बघितलं, पण उठला नाही. "बसा की मास्तर." आम्ही जमिनीवर बसलो. धोटा या हातातून त्या हातात जात होता. आतून बाईचा आवाज नव्हता.

 मग अंबय्याने विचारलं, "पोराचं कायतरी चुकलं काय, मास्तर?"

"नाही. त्याचं काही चुकलं नाही. मी त्याला पाठवलं. आणि काठ मी उन्हाळ्यात बघितला, पावसात बघितला नाही."

धोटा थांबला. एक सूत तुटलं होतं. अंबय्याने ते शोधलं, थुंकी लावून वळलं, जोडलं. दोन-तीन वेळा पायाने माग चालवून बघितला. मग म्हणाला, "मंग आता पावसातलं बघून बांधा."

"मला मनाई झाली आहे." ते खरं होतं. हेडमास्तरांनी कमिटीचा निरोप सांगितला होता: हातकाम शाळेच्या भिंतीच्या आत, मुलांनी बाहेर पाऊल टाकायचं नाही.

"पोरास्नी मनाई हाय," अंबय्या म्हणाला. "आमाला कुटं हाय? तिची आई पुन्यांदा पान्यातनं जाती." त्याला 'त्याची आई' म्हणायचं होतं. मराठी त्याची अशीच होती, पण त्या वेळी मला ते फार विचित्र वाटलं.

त्यांनी मनाई अक्षरशः पाळली. पोरं भिंतीच्या आत राहिली. नाल्याचा काठ आत आला. रॉकेलचे रिकामे डबे वरून कापले, त्यांत काठाची माती ठोकून भरली, आणि मुलांनी तिच्यावर पाणी ओतून वजनं ठेवायला सुरुवात केली. एका डब्यात कोरडी, एकात ओली, एकात आठवडाभर भिजलेली. भिजलेल्या मातीत शेराचं वजन मुलांच्या डोळ्यांसमोर बुडालं आणि वर चिखल मिटला. कुणी ओरडलं नाही. दुसऱ्या डब्यांत मुरूम होता, खालच्या थरातला, अंबय्या आणि गल्लीतल्या लोकांनी खणून आणलेला. त्यावर वजन जिथे ठेवलं तिथे राहिलं. माझी सगळी वजनं त्या वर्षी मातकट झाली. मी ती घासून घेतली नाहीत.

मुलं दिवसा डबे बघत आणि घरी जाऊन बापाला सांगत. बाप आणि चुलते रविवारी खणत. मुरूम लागेपर्यंत जायचं, त्याच्यावर दगड बसवायचा, दगडावर तुळई. एक विणकर मला रस्त्यात भेटला, कपाळाला हात लावून म्हणाला, "गणिताचे मास्तर, आमचं पोरगं घरात मला शाळा शिकवायलंय. दगूड वाकडा बसला तर जेवू देत न्हाई." तो हसला, आणि हसल्याबद्दल ओशाळला.

पूल उन्हाळ्यात तयार झाला. वजन घाला, असं लोक म्हणाले. त्यांनी घातलं नाही. "हस्तात," म्हणाले. तोवर दोन्ही बाजूंना काटेरी फांद्या टाकून वाट बंद ठेवली. कुणी त्या उचलल्याही नाहीत. नाला कोरडा असताना बायका पुलाच्या बाजूने, खालून जात.

हस्तात पाऊस आला तेव्हा दोन दिवस ते थांबले. काठ पुरता भिजू दिला. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ते नाल्यावर गेले. मी छत्री घेऊन गेलो. पाणी तुळयांच्या खाली हातभर आलं होतं, लाल. त्यांनी फांद्या बाजूला केल्या, चपला काढल्या, धोतर वर खोचलं.

"थांबा," मागून अंबय्या म्हणाला.

तो घरून दोर घेऊन आला होता, सुताचा, पिळलेला. त्याने काही न विचारता तो त्यांच्या कमरेभोवती फिरवला.

"नको, अंबय्या."

"येंकटीला बांधला न्हवता," अंबय्या म्हणाला. "तुमाला बांधतो."

लहान मुलाला सदरा घालताना ते जसे हात वर करतं, तसे त्यांनी दोन्ही हात वर केले. अंबय्याने गाठ मारली, ओढून बघितली, दुसरं टोक स्वतःच्या मुठीभोवती गुंडाळलं आणि काठावरच्या दगडावर बसला.

ते पुलाच्या मध्यावर जाऊन उभे राहिले. हात दाबून बघितलं नाही, बसले नाहीत. नुसते उभे राहिले. पाणी चढत होतं. एक वेळ अशी आली की त्यांच्या पावलांवरून पाणी गेलं. मी हेडमास्तरांना, कमिटीला, कुणालाही काय सांगायचं याचा विचार करत होतो, आणि ते वाक्य मला जुळत नव्हतं. अंबय्या पाण्याकडे बघत नव्हता. तो काठाकडे बघत होता, जिथे दगड मुरमात गेला होता.

गिरणीचा भोंगा झाला. थोड्या वेळाने बायका आल्या, पावसासाठी डोक्यावर पोती घेतलेल्या. पुलाशी थबकल्या. मध्ये दोराने बांधलेला माणूस, इकडे दोर धरून बसलेला माणूस. त्यांत व्यंकटीची आई होती. तिने नवऱ्याकडे बघितलं, दोराकडे बघितलं. मग पुलावर आली. ते अंग चोरून एका बाजूला झाले. ती त्यांच्या शेजारून गेली. त्यांच्याकडे बघितलं नाही. अंबय्यापाशी थांबली नाही. सरळ घराकडे गेली. मागून बाकीच्या गेल्या, एकेक, मग दोघी-तिघी. काठ जागेवर होता.

पूल अजून आहे. मी रोज त्यावरून जातो. हातकामाचे मास्तर पुढच्या जूनला शाळेत आले नाहीत. राजीनामा दिला एवढंच आम्हाला कळलं. वैरागकडे त्यांची बहीण होती, तिकडे असतील असं कुणी म्हणतं. मी पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं नाही. हातकामाच्या तासाला आता मुलं कागदाच्या होड्या करतात.

त्या संध्याकाळी सगळ्या बायका गेल्यावर अंबय्या दगडावरून उठला. दोर जरासा ओढून म्हणाला, "चला मास्तर, जेवायला."

"मला भूक नाही, अंबय्या."

"मला बी न्हाई. चला."

ते पुलावरून काठावर आले. चपला घालायच्या राहिल्या, त्या मी उचलल्या. दोर सोडायचं दोघांच्याही ध्यानात आलं नाही. पुढे अंबय्या, मूठ तशीच वळलेली. मागे ते, हात दोन्ही बाजूंना सोडलेले. मध्ये ओला दोर, सैल पडला की चिखलाला टेकणारा. गल्लीत घराघरांतून माग चालू होते. ते जवळ आले की आवाज थांबे, आणि गेले की पुन्हा सुरू होई. शेवटी अंबय्याच्या दारापाशी तो वाकून आत गेला, आणि त्याच्या मागोमाग तेही वाकून आत गेले.